डबीताईच्या गोळ्या

तिचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच राहिलं. बाकी सगळ्या हॉस्पिटलला ती डबीताई होती. तळमजल्यावर, एक्स-रेच्या पुढे, जिना संपतो तिथे एक खिडकी आहे. त्या खिडकीतून तिने एकतीस वर्षं लोकांना शी-लघवीच्या तपासणीसाठी रिकाम्या डब्या दिल्या आणि भरलेल्या परत घेतल्या. "सकाळची पहिली. अर्धी डबी पुरे. तोंडापर्यंत भरू नका. झाकण घट्ट लावा." एवढं साधं सांगूनही लोक ऐकत नसत. कुणी काठोकाठ भरून आणी, कुणी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत. एका गृहस्थांनी तर वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल फीत बांधून आणली होती. डबीताईने फीत सोडवली, पुडी उघडली आणि चेहऱ्यावरची रेघही न हलवता म्हणाली, "काका, डबीत आणा."

असल्या गोष्टींवर ती हसायची, त्याला बरीच वर्षं झाली. आता तिला कंटाळाही येत नसे. कंटाळ्यालासुद्धा थोडा उत्साह लागतो. गुडघे अठ्ठावन्न वर्षांचे, खुर्चीचा एक पाय आखूड, त्याखाली कागदाची घडी, आणि निवृत्तीला दोन वर्षं बाकी. लग्न राहून गेलं होतं. ते का, हे विचारणारी माणसंही आता थकली होती. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत तिची एक खोली होती आणि दोन बस बदलून गेलं की दादाचं घर. तिथे दादा, वहिनी, त्यांचा नोकरीला लागलेला मुलगा आणि ब्याऐंशी वर्षांची आई.

खिडकीच्या आत लॅब होती. तिथलं एक काम मात्र डबीताईला अजून आवडे. प्लेटवर रोग्याच्या जंतूंचा थर पसरायचा, त्यावर निरनिराळ्या औषधांच्या कागदी टिकल्या ठेवायच्या आणि झाकण लावून उबेत ठेवून द्यायचं. सकाळी उघडावं तर सगळी प्लेट दुधाळ झालेली असे. पण जे औषध लागू पडलं, त्याच्या टिकलीभोवती गोल, स्वच्छ, आरपार दिसणारं वर्तुळ. जंतू तिथवर येऊन थांबलेले. ती पट्टी लावून वर्तुळ मोजायची आणि रिपोर्टात लिहायची. बाकी आयुष्याने तिला इतकं स्वच्छ उत्तर कधीच दिलं नव्हतं.

त्या वर्तुळांनीच घात केला म्हणायचा. कारण रोज उठून औषध जिंकताना पाहणाऱ्या माणसाला वाटायला लागतं, की माणसाच्या पोटातही असंच होत असणार. गोळी जाते, स्वच्छ करते, काम फत्ते. औषधांच्या काउंटरवरचा माणूस वीस वर्षांच्या ओळखीचा, त्यालाच चिठ्ठी मागायची लाज वाटे. मग हळूहळू डबीताईच्या कापडी पिशवीच्या आतल्या कप्प्यात गोळ्यांच्या पट्ट्या राहायला लागल्या. दर रविवारी ती दादाकडे जायची, चपला काढता काढता विचारायची, "कुणाला काय होतंय?" आणि उत्तर पुरतं व्हायच्या आत हात पिशवीत. दादाच्या घशाला पाच दिवस, भाच्याच्या मुरुमांना महिनाभर, आईच्या खोकल्याला सात दिवस. पट्टीला कागद गुंडाळून वर बारीक अक्षरात लिहिलेलं असे: सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर, मध्येच सोडू नये.

आई शेजारणींना सांगायची, "माझी लेक अर्धी डॉक्टर आहे." डबीताई 'काहीतरीच' म्हणायची, पण ऐकायला बरं वाटायचं. बसायला तिला वेळ नसे आणि त्राणही नसे. वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. गोळ्या दिल्या की आपलं कर्तव्य झालं, असं समजून ती परतीची बस धरायची. वहिनी दारापर्यंत यायची. फार बोलायची नाही. आईचं एक वाक्य ती चौतीस वर्षं ऐकत आली होती: "हिच्या हातचं मला पचत नाही." दुसऱ्यांदा वाढून घेतानाही आई हे म्हणायची.

मार्चमध्ये आईला खोकला झाला. डबीताईने सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. खोकला गेला आणि नवव्या दिवशी जुलाब सुरू झाले. आईने खापर अर्थातच सुनेच्या स्वयंपाकावर फोडलं. डबीताईही म्हणाली, "वहिनी, तेल जरा कमी टाकत जा." वहिनी बरं म्हणाली आणि आईच्या चादरी धुवायला गेली. दिवसाला बारा वेळा, पंधरा वेळा. चादरी सुकायला बाल्कनी पुरेना.

पुढच्या रविवारी आई संडासात होती आणि डबीताई टॉवेल घेऊन दाराबाहेर उभी होती. दार किलकिलं होतं. आणि तो वास आला. बंद तबेल्यात शिरल्यासारखा, उग्र, जड. घरातल्या कुणाला तो नुसताच घाणेरडा वाटला असता. डबीताईने तो लॅबमध्ये शेकडो वेळा घेतला होता आणि तो कुणाचा, हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. टॉवेल तसाच हातात धरून ती भिंतीला टेकली.

सोमवारी तिने आईची तपासणी स्वतः केली. करायला नको होती, घरच्यांचं दुसऱ्याने करायचं असतं. किटवर दोन रेघा उमटल्या, ठसठशीत. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल; लॅबमध्ये सगळे नुसतं सी-डिफ म्हणतात. गोळ्यांनी आतडं मोकळं झालं की वर डोकं काढणारा, विष सोडणारा जंतू. म्हाताऱ्या माणसांचा जीवही घेतो. डबीताईने रिपोर्ट लिहिला आणि आईला दाखल केलं.

पोटाची डॉक्टरीण तिच्या निम्म्या वयाची होती. तिने विचारलं, "आधी अँटिबायोटिक घेतलं होतं? कुणी दिलं?"

"घराजवळच्या डॉक्टरांनी," डबीताई म्हणाली. आयुष्यभर नमुन्यावर दुसऱ्याचं नाव पडू नये म्हणून जिवाचा आटापिटा करणाऱ्या बाईने आपल्या चुकीवर बिनदिक्कत दुसऱ्याचं नाव टाकलं.

दहा दिवसांच्या औषधाने आई बरी झाली. घरी गेली. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. पुन्हा औषध, या वेळी जास्त दिवस. पुन्हा बरी, पुन्हा आजारी. जुलैत आईला तिसऱ्यांदा परत आणलं तेव्हा वजनकाट्यावर छत्तीस किलो भरली. दादाने तिला मुलासारखं उचलून पलंगावर ठेवलं आणि तो पॅसेजमध्ये जाऊन उभा राहिला. सगळेच थकले होते. वहिनीच्या हातांची सालं निघाली होती साबणाने. डबीताई खिडकीत बसून रोज दुसऱ्यांच्या डब्या घ्यायची आणि मधल्या सुट्टीत तीन जिने चढून आईजवळ जायची.

डॉक्टरीणबाईंनी तिला बोलावून घेतलं. "ताई, तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही रोज हेच करता. आतड्यात कोट्यवधी जंतू आपले भाडेकरू असतात. अन्न पचवायला मदत करतात, काही जीवनसत्त्वं तयार करतात, आणि मुख्य म्हणजे जागा अडवून बसतात. त्यामुळे वाईटाला पाय ठेवायला फट मिळत नाही. गोळी आपला-परका बघत नाही. आजींच्या आत आता कुणी उरलेलं नाही. आपण सी-डिफ मारतो, पण त्याची बीजं औषधाला दाद देत नाहीत, ती टिकतात. आणि घर रिकामंच आहे म्हटल्यावर तो पुन्हा हातपाय पसरतो. औषध देत राहून मी आता हात टेकले आहेत. घर पुन्हा वसवायला हवं."

डबीताईला हे सगळं माहीत होतं. परीक्षेत या प्रश्नाला तिने पूर्ण गुण मिळवले होते. पण प्लेटवरच्या स्वच्छ वर्तुळाकडे तिने कधी ओसाड जागा म्हणून पाहिलं नव्हतं. आता डोळ्यांपुढे तेवढंच येत होतं, आणि मध्ये आई.

उपाय सांगायला सोपा होता. निरोगी माणसाची शी घ्यायची, मिठाच्या पाण्यात घुसळायची, गाळायची आणि नळीने आईच्या आतड्यात सोडायची. त्या शीतले जंतू तिथे वस्ती करतात. बहुतेकांना गुण येतो. दाता शक्यतो घरातला बघा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रक्त आणि शी दोन्ही तपासू. अट एकच मोठी: सहा महिन्यांत एकही अँटिबायोटिक घेतलेलं नको. "आणि लवकर. आजींजवळ वेळ नाही."

रविवारी दुपारी दादाच्या जेवणाच्या टेबलावर डबीताईने दात्याचा फॉर्म पसरला. दादा समोर, भाचा भिंतीला टेकून, वहिनी ओट्याशी पाठमोरी.

"दादा, तू?"

"एप्रिलमध्ये घसा. तूच दिल्यास की. आणि जूनमध्ये दाताला."

तिने फुली मारली. भाच्याकडे नुसतं बघितलं. मुरुमांची गोळी चालूच होती. स्वतःच्या नावापुढे तिने न विचारताच फुली मारली, मे महिन्यातली. प्रत्येक उत्तर तिच्याच पिशवीतून निघत होतं. चौथ्या ओळीत तिने लिहिलं: वहिनी, फेब्रुवारी, पाच दिवस. आणि त्यापुढेही फुली.

"शेजारी कुणाला विचारायचं का?" दादा म्हणाला. शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागता येते. हे कसं मागायचं?

"माझ्यापुढची फुली खोडा, ताई," वहिनी म्हणाली. तिने हात पुसले. "मी घेतल्या नाहीत त्या."

"अहो, मी स्वतः दिल्या होत्या तुम्हाला."

"दिल्या होत्यात."

वहिनी आतल्या खोलीत गेली आणि बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा घेऊन आली. झाकण काढलं. आत पट्ट्या होत्या, रबरबँड लावून नीट रचलेल्या, एकही गोळी न फोडलेल्या. खालच्या पट्ट्यांचे रंग उडाले होते. प्रत्येकीवर कागद आणि कागदावर डबीताईचं बारीक अक्षर. सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर, मध्येच सोडू नये.

"फेकल्या असत्या तर तुम्हाला केराच्या डब्यात दिसल्या असत्या," वहिनी म्हणाली. "परत दिल्या असत्या तर तुम्ही रागावला असतात. म्हणून ठेवून दिल्या."

डबीताईला खरं तर राग यायला हवा होता. तोही आला नाही. ती एवढंच म्हणाली, "पण का? फेब्रुवारीत तर तुमचा घसा किती बसला होता. आवाज फुटत नव्हता."

"फेब्रुवारीत माझी आई गेली, ताई. तुम्ही भेटायला आला होतात. माझा घसा रडून बसला होता."

दादा टेबलाच्या कडेवर नख घासत राहिला. डबीताईला तो दिवस आठवला. चपलाही न काढता ती दारात दहा मिनिटं उभी राहिली होती, बस चुकेल म्हणून. मैताला भेटायला आलेल्या माणसाने काय बोलायचं, ते तिला सुचलं नव्हतं. वहिनीने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आवाज घोगरा निघाला, आणि आपला हात पिशवीत गेला. जाताना तिला बरंसुद्धा वाटलं होतं, काहीतरी दिलं म्हणून. आता मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वहिनी, माझं चुकलं," ती म्हणाली.

"फॉर्म भरा," वहिनी म्हणाली. "मी देते. पण आईंना सांगायचं, कुणाचं आहे ते. लपवून छपवून नको. चौतीस वर्षं त्यांना माझ्या हातचं पचलेलं नाही. नाही म्हणाल्या तर मला वाईट वाटणार नाही."

वाईट वाटणार होतं, हे तिघांनाही दिसत होतं.

सोमवारी सकाळी डबीताई आधी डॉक्टरीणबाईंकडे गेली. "घराजवळच्या डॉक्टरांनी नाही दिली ती गोळी. मी दिली. आणि तिलाच नाही, सगळ्यांना देते." डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. रात्रपाळी करून त्यांचेही डोळे लाल झाले होते. ओरडायचं त्राण त्यांच्यातही नसावं. त्यांनी आईच्या केसपेपरवरची जुनी ओळ खोडली, नवी लिहिली आणि म्हणाल्या, "सही करा." डबीताईने सही केली.

मग ती आईजवळ बसली आणि सगळं समजावून सांगितलं. कसं करतात, का करतात, आणि कुणाचं. आई छताकडे बघत पडली होती. गालांचे खड्डे झाले होते. डबीताईला वाटलं, नाहीच म्हणणार. म्हातारीचा ताठा कधी मोडला होता?

"तिला म्हणावं," आई शेवटी म्हणाली, "आधी नीट जेवून घे. माझ्या मागे लागून तिचं जेवायचं राहतं."

"आई, आणखी एक सांगायचंय. खोकल्याची ती गोळी..." पण आईने डोळे मिटले होते. झोप लागली होती की ऐकायचं नव्हतं, कोण जाणे.

वहिनीच्या तपासण्यांना आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत आईला दोनदा सलाइन लावावं लागलं आणि एकदा दादाने बाकीच्या नातेवाइकांना कळवायचं का, असं विचारलं. डबीताई म्हणाली, "थांब." वहिनीचे सगळे रिपोर्ट स्वच्छ आले.

ठरल्या दिवशी सकाळी सात वाजता वहिनी खिडकीशी आली. रांगेत तिच्यापुढे दोघं होते, ती शांतपणे मागे उभी राहिली. नंबर आला तेव्हा म्हणाली, "अर्धी डबी ना?"

"नाही वहिनी. आज ही मोठी घ्या," डबीताई म्हणाली. "तोंडापर्यंत भरलीत तरी चालेल." एकतीस वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदा निघालं होतं. वहिनीला हसू आलं. मग डबीताईलाही आलं, आणि मागचा माणूस या दोघींना काय झालं म्हणून बघत राहिला.

घुसळायचं आणि गाळायचं काम दुसऱ्याने केलं. डबीताईने या वेळी नियम पाळला. दुपारपर्यंत सगळं आटोपलं. बाहेरच्या बाकावर वहिनी आणि ती शेजारी शेजारी बसल्या होत्या. डबीताई म्हणाली, "तुमच्या आई कशा होत्या? मी त्यांच्याशी कधी नीट बोललेच नाही." वहिनीने थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं, हिला खरंच ऐकायचं आहे का, हे ताडण्यासाठी असेल. मग सांगायला लागली. आत बोलावणं येईपर्यंत सांगत होती.

तिसऱ्या दिवशी आईने खायला मागितलं. सातव्या दिवशी वॉर्डातून तपासणीसाठी डबी आली. डबीताईने झाकण उघडलं. आतली शी चांगली बांधलेली, आकार धरलेली होती, आणि असला नमुना या तपासणीला घेत नाहीत. पातळ असेल तरच घेतात. तिने नोंदवहीत आईच्या नावापुढे 'नमुना नाकारला' असं लिहिलं आणि तिचे डोळे भरून आले. शेजारची नवी मुलगी म्हणाली, "ताई, वास लागला का डोळ्यांना?" डबीताई म्हणाली, "हो गं."

सप्टेंबरातल्या एका रविवारी ती दादाकडे गेली. आई टेबलाशी बसून मऊ भात खात होती. "मीठ कमी आहे," आई म्हणाली. वहिनी ओट्यावरून म्हणाली, "खा आई, पचेल. आता आतली माणसं माझीच आहेत." आई 'चहाटळ मेली' म्हणाली, पण घास घेतला.

जेवण झाल्यावर आई पलंगावर टेकली. दोनदा खोकली आणि सवयीने तिने लेकीपुढे हात पसरला. "आण."

"काय?"

"गोळी. खोकतेय मी, ऐकू येत नाही का?"

"नाही आणली, आई. आता आणणार नाही." आणि मग वॉर्डात राहून गेलेलं ती एका दमात बोलून गेली. मार्चमधली गोळी, साध्या खोकल्याला नको असलेली. ती दिली म्हणून हे सगळं झालं. जीवच जायचा होता.

"मला काय माहीत नव्हतं?" आई म्हणाली. "मार्चात खोकला तरी कुठे एवढा होता."

"मग घेतलीस कशाला?"

आईने पांघरूण सारखं केलं. "तू येतेस, चपला धड काढत नाहीस, की तुझी बस. गोळी घ्यायची म्हटलं की पाणी आणायचीस, मी गिळेपर्यंत समोर बसायचीस. मी सावकाश गिळायची." आईने पसरलेला हात मागे घेतला. "आता गोळी नाही, तर लगेच निघशील का?"

डबीताईने घड्याळाकडे पाहिलं नाही. ती पलंगाच्या कडेवर बसली. पिशवी रिकामी होती, तरी मांडीवरून ती खाली ठेवायला तिला बराच वेळ लागला.